राजाची पत्रिका

रोमचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस (राज्यकाल इ.स. १९३ ते २११) ज्या दालनांत बसून न्यायनिवाडा करायचा, त्या दालनांच्या छतांवर त्याने स्वतःची जन्मपत्रिका रंगवून घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने मान वर करून बघावं आणि समजून जावं, की हा माणूस राज्य करायलाच जन्माला आलाय! पण त्यात एक गंमत होती. पत्रिकेतला जो भाग जन्माची नेमकी घटका सांगतो, म्हणजे आपण ज्याला लग्न म्हणतो तो, एका दालनात एक काढला होता आणि दुसऱ्या दालनात वेगळाच. ही माहिती कॅसियस डिओ नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो त्याच काळातला सिनेटर होता, त्यामुळे ही शंभर वर्षांनंतरची ऐकीव गप्प नव्हे.

मला हे छत फार आवडलं. सगळी तिजोरी उघडी ठेवायची, पण किल्ली मात्र कमरेला. कारण जन्माची नेमकी वेळ कळली की मरणाची वेळ काढता येते, यावर त्या काळातल्या बहुतेक शहाण्यासुरत्या माणसांचा विश्वास होता. आणि राजाच्या मरणाची वेळ दुसऱ्या कुणाला कळणं म्हणजे काय, हे राजाला बरोबर कळत होतं.

गेले काही महिने फावल्या वेळात रोमन लोकांच्या ज्योतिषाबद्दल मिळेल ते वाचतेय. ज्योतिष खरं की खोटं हा वाद आपल्याकडे इतका झालाय, की त्यात माझी भर नको. (माझं मत घरच्यांना माहीत आहे आणि घरच्यांचं मला!) रोमचा इतिहास वाचताना मात्र मला दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटायला लागला. पत्रिका कोण बघतंय आणि कोणाची बघतंय? आज त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

रोमन लोक शकुन-अपशकुन मानणारे होते हे खरं, पण त्यांच्या सरकारी धर्मात ज्योतिषाला जागा नव्हती. तिथे ऑगर असत, ते पक्ष्यांचं उडणं बघत. हारुस्पेक्स असत, ते बळी दिलेल्या जनावराचं काळीज (म्हणजे यकृत) तपासत. सिबिलची पुस्तकं असत. मोठं संकट आलं की सिनेटच्या हुकमाने ठराविक पुजारी ती उघडून बघत. या सगळ्यात विचारायचा प्रश्न ठरलेला असे. आज सभा घ्यावी का? सैन्य हलवावं का? देव राजी आहेत ना? म्हणजे आपल्याकडे गुरवाने देवाला कौल लावावा तसं. कौल ‘हो’ किंवा ‘नाही’ असा मिळतो. पुढच्या तीस वर्षांत काय होणार, हे त्यातून कळत नाही. शिवाय प्रश्न विचारणारा माणूस अधिकारपदावर असे आणि तो गावाच्या वतीने विचारत असे.

ज्योतिष आलं बाहेरून. मूळ बॅबिलोनचं, मग अलेक्झांड्रियातल्या ग्रीकांनी त्यात आपलं गणित आणि भूमिती घालून जन्मपत्रिकेचं शास्त्र उभं केलं. रोममध्ये या लोकांना दोन नावं होती. एक ‘खाल्डियन’, म्हणजे बॅबिलोनकडचे, आणि दुसरं ‘मॅथेमॅटिकस’, म्हणजे चक्क गणिती! यांना ना देऊळ, ना सरकारी पद. पैसे द्या, जन्मवेळ सांगा, भविष्य ऐका. आणि हे भविष्य गावाचं नसे, तुमचं एकट्याचं असे.

जुन्या वळणाच्या रोमन लोकांना हे आवडलं नाही. केटो नावाचा करडा म्हातारा होता, त्याने इ.स.पू. १६० च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात शेतावरच्या कारभाऱ्याने काय करू नये याची यादी आहे, आणि खाल्डियनाला प्रश्न विचारू नये हे त्यात स्पष्ट म्हटलंय. हा कारभारी गुलाम असायचा हे लक्षात घ्या. गुलामाने स्वतःचं भविष्य विचारायचं म्हणजे काय विचारायचं? मालक कधी मरेल? मी कधी सुटेन? केटोला देवाधर्माची काळजी होती तशी शेताचीही होती, असं मला तरी वाटतं.

पुढे इ.स.पू. १३९ मध्ये कॉर्नेलियस हिस्पालस नावाच्या प्रेटरने सगळ्या खाल्डियनांना दहा दिवसांत रोम आणि इटली सोडून जायला सांगितलं. कारण काय दिलं, तर हे लोक ताऱ्यांचे खोटे अर्थ सांगून भोळ्या माणसांकडून पैसे काढतात. हे कारण ध्यानात ठेवा. १३९ सालची बंदी ‘हे खोटं आहे’ असं म्हणून घातली होती.

मग पुढच्या काही शतकांत असं काय झालं, की हेच ज्योतिष थेट राजवाड्याच्या छतावर जाऊन बसलं?

मला सापडलेलं उत्तर असं. जोवर रोम प्रजासत्ताक होतं, तोवर दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि वर्ष संपलं की घरी जात. राज्याचं भविष्य बघायचं तर पत्रिका कोणाची मांडणार? मग मोठमोठे सेनापती आले, एकेकाच्या हाताखाली लाख लाख सैन्य आलं, आणि राज्याचं नशीब एका माणसाच्या नशिबाला बांधलं गेलं. आता पत्रिका मांडायला माणूस मिळाला. एकाच्या हाती सत्ता आणि एकाच्या जन्मवेळेवर उभं असलेलं शास्त्र, अशी ही जोडी छान जमली.

सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये भविष्यकथनावर एक पुस्तक लिहिलं. (हा सिसेरो स्वतः सरकारी ऑगर होता, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळातला!) त्यात तो सांगतो, की पॉम्पी, क्रॅसस आणि सीझर या तिघांनाही खाल्डियनांनी काय काय सांगितलं होतं ते त्याला चांगलं आठवतंय. तिघेही म्हातारे होऊन, आपापल्या घरी, मानाने मरणार होते. प्रत्यक्षात क्रॅसस इ.स.पू. ५३ मध्ये कॅऱ्हीच्या लढाईत पार्थियनांकडून मारला गेला. पॉम्पीला ४८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरताना भोसकलं. आणि सीझरचं काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. सिसेरोला आश्चर्य याचं, की एवढं होऊनही लोक या मंडळींवर विश्वास ठेवतातच कसा.

पण ठेवत होते. आणि सगळ्यात जास्त ठेवत होते ते राज्यकर्ते.

ऑगस्टसचं बघा. तरुणपणी तो अपोलोनिया गावात शिकत असताना थिओजेनिस नावाच्या ज्योतिष्याकडे गेला. सुएटोनियस सांगतो, की पत्रिका बघताच थिओजेनिस उठला आणि त्याच्या पाया पडला. पुढे सम्राट झाल्यावर ऑगस्टसने आपली पत्रिका जाहीर केली आणि मकर राशीचं चित्र असलेली चांदीची नाणी पाडली. बाजारात भाजी घेणाऱ्याच्या हातातही राजाची रास! आणि याच ऑगस्टसने इ.स. ११ मध्ये हुकूम काढला, की कोणाही भविष्यवेत्त्याने गिऱ्हाइकाला एकांतात भविष्य सांगायचं नाही, आणि मरणाविषयी तर चारचौघांतही सांगायचं नाही.

हा हुकूम १३९ च्या हुकमाशेजारी ठेवून वाचा. यात ‘हे लोक खोटारडे आहेत’ असं कुठे आहे? खोटंच असतं तर मरणाची तारीख सांगायला बंदी कशाला हवी होती? कोणी काहीही सांगेना का! बंदी आली, कारण बंदी घालणाऱ्याला ते खरं वाटत होतं. निदान ऐकणाऱ्यांना ते खरं वाटतं आणि त्यांचे हात सळसळायला लागतात, हे तरी त्याला दिसत होतं.

त्याच्यामागून आलेला टायबेरियस तर याचा कळसच. सम्राट होण्याआधी तो काही वर्षं ऱ्होड्स बेटावर जाऊन राहिला होता. तिथली गोष्ट टॅसिटसने सांगितली आहे. ज्योतिष्याला प्रश्न विचारायचा तर टायबेरियस त्याला कड्यावरच्या आपल्या घरी बोलावी. वाट दाखवायला एक धिप्पाड अडाणी माणूस. भविष्य ऐकून शंका आली, तर परतीच्या वाटेवर हा माणूस ज्योतिष्याला खाली समुद्रात ढकलून देई. थ्रॅसिलस आला, त्याने सांगितलं तुम्ही सम्राट होणार. टायबेरियसने विचारलं, आणि तुझं स्वतःचं आज काय आहे रे? थ्रॅसिलसने ग्रह मोजले, चेहरा पांढराफटक पडला, आणि म्हणाला, माझ्यावर मोठं संकट आहे, अगदी आत्ताच. टायबेरियसने त्याला मिठी मारली आणि जन्मभर जवळ ठेवलं.

आता यात थ्रॅसिलसने ग्रह वाचले की समोरच्या माणसाचा चेहरा, हे तुम्हीच ठरवा. :)

याच टायबेरियसच्या राज्यात इ.स. १६ मध्ये लिबो ड्रुसस नावाच्या एका खानदानी तरुणावर खटला झाला. आरोप असा, की त्याने खाल्डियनांना आणि जादूटोणा करणाऱ्यांना प्रश्न विचारले. काय प्रश्न? तर रोमपासून ब्रुंडिझियमपर्यंतचा सगळा ॲपियन रस्ता झाकून टाकता येईल एवढा पैसा मला मिळेल का! आज हे वाचून हसू येतं. कुठल्याही बढाईखोर पोराने विचारावा असा प्रश्न. पण लिबोने खटला चालू असतानाच आत्महत्या केली. त्यापाठोपाठ सिनेटने ज्योतिष्यांना इटलीतून हाकलायचा ठराव केला. पिटुआनियस नावाच्या एकाला कड्यावरून ढकलून मारलं, मार्सियस नावाच्या दुसऱ्याला एस्क्विलाइन वेशीबाहेर ठार केलं. आणि तिकडे थ्रॅसिलस सम्राटाच्या पंक्तीला जेवतोय.

म्हणजे ज्योतिषबंदी अशी नव्हतीच. बंदी होती ती दुसऱ्या कोणी ते बघायची.

असे हुकूम पुन्हा पुन्हा निघाले. इ.स. ५२ मध्ये क्लॉडियसच्या काळात निघाला, आणि तो कडक होता पण निरुपयोगी होता असा शेरा टॅसिटसने मारलाय. इ.स. ६९ मध्ये व्हिटेलियसने सांगितलं, की अमुक तारखेच्या, म्हणजे १ ऑक्टोबरच्या आत सगळ्या ज्योतिष्यांनी इटली सोडावी. लगेच रातोरात गावात उलट नोटीस लागली, की व्हिटेलियसनेही त्याच तारखेच्या आत जगातून निघून जावं! (व्हिटेलियस मारला गेला डिसेंबरात. म्हणजे तारीख दोघांचीही चुकली.) डोमिशियनने मेटियस पॉम्पुसियानस नावाच्या सिनेटरला मारलं, त्यात एक कारण हे, की त्याच्या पत्रिकेत राजयोग आहे असं लोक बोलत होते. बिचाऱ्याने काही केलंच नव्हतं. जन्माला आला होता एवढंच.

टॅसिटसने या सगळ्याचं सार फार नेमकं काढलंय. ही जमात आमच्या गावात कायम हद्दपार होत राहणार आणि कायम ठेवूनही घेतली जाणार, असं तो म्हणतो. ते त्याने कोणाच्या संदर्भात म्हटलंय तेही बघण्यासारखं आहे. ओथो नावाच्या सरदाराला टॉलेमेयस नावाच्या ज्योतिष्याने सांगितलं होतं, की तू नीरोपेक्षा जास्त जगशील. ते खरं ठरलं. मग ज्योतिष्याचा भाव वाढला आणि त्याने पुढचं सांगितलं, की तू सम्राट होणार. ओथोने जानेवारी ६९ मध्ये गाल्बाला मारवून गादी मिळवली, आणि एप्रिलमध्ये लढाई हरल्यावर स्वतःच्या हाताने जीव दिला. पुरते शंभर दिवसही राज्य केलं नाही. भविष्य खरं झालं का? झालं. पण ते ताऱ्यांनी केलं, की ते ऐकून डोकं फिरलेल्या माणसाने? भविष्य माणसाला कामाला लावतं, हे त्या काळातले सम्राट आपल्यापेक्षा चांगलं जाणून होते.

चौथ्या शतकात फर्मिकस मॅटर्नस नावाच्या लेखकाने ज्योतिषावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो ज्योतिष्यांना बजावतो, की सम्राटाच्या आयुष्याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर देऊ नका, कारण सम्राट ताऱ्यांच्या अंमलाखाली येतच नाही. काय तोडगा काढलाय बघा! सगळं जग ग्रहांच्या मुठीत, फक्त एक माणूस सोडून.

आता राजेरजवाड्यांकडून जरा खाली येऊ.

सामान्य रोमन माणूसही ज्योतिषाच्या नादी लागलेला होताच. पेट्रोनियसच्या कादंबरीत ट्रिमाल्किओ नावाचा एक गडगंज शेठ आहे, पूर्वी गुलाम होता. त्याच्या मेजवानीत बारा राशींचं ताट येतं, प्रत्येक राशीवर तिला शोभेलसा पदार्थ. हाच ट्रिमाल्किओ सांगतो, की एका ग्रीकाने त्याला उरलेलं आयुष्य मोजून दिलंय, तीस वर्षं, चार महिने, दोन दिवस. जुव्हेनलने आपल्या सहाव्या उपरोधिकेत अशा बायकांची टर उडवली आहे, ज्या पंचांग हातात धरून धरून गुळगुळीत करतात आणि डोळ्याला खाज सुटली तरी पत्रिका बघितल्याशिवाय औषध घालत नाहीत.

वाचताना हसू येतं. मग मी थांबले आणि विचार केला, की हे लोक कोण आहेत? एक सुटलेला गुलाम. एक बाई, जिचं लग्न दुसऱ्यांनी ठरवलं. दुसऱ्या शतकात व्हेटियस व्हॅलेन्स नावाचा ज्योतिषी होऊन गेला, त्याच्या ग्रंथात खऱ्याखुऱ्या माणसांच्या शंभराहून अधिक पत्रिका आहेत. त्यांत हद्दपारी आहे, समुद्रावरची संकटं आहेत, आजारपणं आहेत, वारसाहक्काची भांडणं आहेत. ज्यांच्या आयुष्याच्या दोऱ्या दुसऱ्याच्या हातात, त्यांना पुढचं विचारावंसं वाटणारच. ऑगर त्यांच्या दारात कधी येणार नव्हता, सिबिलची पुस्तकं त्यांच्यासाठी कोणी उघडणार नव्हतं. सरकारी देवांना त्यांच्याविषयी प्रश्नच नव्हते. खाल्डियनाने मात्र चार नाणी घेऊन का होईना, ‘तुझं काय?’ असं विचारलं. मला वाटतं, ज्योतिषाची खरी ताकद इथे आहे, आणि तिच्यावर कितीही हसलं तरी ती कमी होत नाही.

बरं, त्या काळी कोणी आक्षेपच घेतले नाहीत असंही नाही. आज आपण जे जे आक्षेप घेतो ते जवळजवळ सगळे तेव्हाच घेऊन झालेत. सिसेरोने विचारलं, की इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत एका दिवसात जे हजारो मेले, त्या सगळ्यांची पत्रिका एकच होती काय? जुळ्यांचं काय? यावर निगिडियस फिगुलसने दिलेलं उत्तर संत ऑगस्टीनने नोंदवलंय. त्याने कुंभाराचं चाक जोरात फिरवलं आणि त्यावर शाईने झटपट दोन ठिपके दिले. चाक थांबलं तेव्हा ठिपके एकमेकांपासून लांब होते. आकाशही असंच वेगाने फिरतं, त्यामुळे क्षणाचा फरकही फार मोठा, असं त्याचं म्हणणं. ऑगस्टीनने उलट विचारलं, मग एवढ्या बारीक फरकाची वेळ तुम्ही टिपता तरी कशी? ऑगस्टीन स्वतः तरुणपणी ज्योतिषाच्या नादी होता. तो त्यातून सुटला याचं एक कारण एका मित्राची गोष्ट. हा मित्र आणि त्यांच्या ओळखीच्या घरातला दासीपुत्र, दोघे अगदी एकाच क्षणी जन्मले होते, मुद्दाम वेळ ताडून बघितली होती. एक श्रीमंतीत वाढला, दुसरा गुलामच राहिला.

मला हे उदाहरण सगळ्यांत मोठं वाटतं. आकाश दोघांना एकच मिळालं होतं. वेगळं होतं ते घर.

आणि फॅव्होरिनस नावाच्या तत्त्वज्ञाचा मुद्दा तर आजही कोणी खोडलेला नाही. तो म्हणतो, चांगलं भविष्य खोटं निघालं तर आशेने झुरून वाया जाल, वाईट खोटं निघालं तर उगाच घाबराल. वाईट खरं असेल तर ते घडायच्या आधीच दुःख सुरू, आणि चांगलं खरं असेल तर वाट बघून बघून त्यातला आनंद शिळा होणार. मग विचारायचं कशाला?

पुढे इ.स. ४०९ मध्ये, तोवर ख्रिस्ती झालेल्या साम्राज्यात कायदा आला, की ज्योतिष्यांनी बिशपांसमोर आपली पुस्तकं जाळावीत, नाहीतर गावं सोडावीत. तर्कही झाले, कायदेही झाले, जाळपोळही झाली. ज्योतिष काही गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हिला हे रोमचं पुराण आत्ता कशाला आठवलं? तर मंडळी, हे आपल्या वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. आपल्या पत्रिकेतले ‘होरा’, ‘केंद्र’, ‘पणफर’, ‘आपोक्लिम’, ‘जामित्र’ हे शब्द मूळचे ग्रीक. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहून ठेवलंय, की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट असल्याने त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. रोमन साम्राज्यातून इजिप्तमार्गे जहाजं आपल्या किनाऱ्यावर यायची, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात कल्याण आणि चौल यांची नावं आहेत. आणि वारांचं तर काय सांगावं! शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे एकेका तासाचे मालक धरत गेलं, की शनिवारनंतर पहिल्या तासाला रवी येतो, मग चंद्र, मग मंगळ. हा हिशोब कॅसियस डिओने दिलाय, आणि आपला होऱ्यांचा हिशोबही हाच. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई गावातल्या भिंतीवर या देवांच्या नावाचे वार कोणीतरी खरडून ठेवलेत. म्हणजे रोममधला शनिवार आणि आपला शनिवार एकाच घराण्यातले.

त्यामुळे रोमची गोष्ट वाचताना मला आपल्याकडचं आठवणं साहजिक आहे. मध्यंतरी नात्यातल्या एका मुलीचं स्थळ बघत होते. समोरच्यांनी तिची जन्मवेळ तीनदा विचारली, ‘पाच मिनिटांनी फरक पडतो हो’ म्हणून. (निगिडियसचं चाक!) तिसऱ्या वेळी आमच्या मावशीने विचारलं, ‘मुलाची पाठवता ना?’ तिकडे शांतता. ती पत्रिका काही आली नाही, आणि काही दिवसांनी निरोप आला, की जुळत नाही. मुलीची छतावर टांगायची आणि मुलाची कमरेला!

सेव्हेरसनेही असंच केलं होतं. पहिली बायको वारल्यावर त्याने म्हणे लग्नाच्या मुलींच्या पत्रिका धुंडाळल्या, आणि सीरियात एक मुलगी आहे जिच्या पत्रिकेत राजाशी लग्न आहे, असं कळल्यावर तिला मागणी घातली. तीच ज्युलिया डोम्ना. भविष्य खरं झालं, ती सम्राज्ञी झाली. २११ साली सेव्हेरस ब्रिटनमध्ये यॉर्कला वारला, आणि त्याच वर्षअखेरीस तिच्या थोरल्या मुलाने, कॅराकॅलाने, धाकट्याला, गेटाला, तिच्या कुशीतच मारवलं. तिला मुलासाठी रडायचीही परवानगी नव्हती, असं डिओ लिहितो. नवऱ्याला तिच्या पत्रिकेत जे हवं होतं ते त्याने बघितलं. तिचं पुढे काय होणार, हा प्रश्न त्या पत्रिकेला कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कोणाला रात्री झोप लागत नाही म्हणून स्वतःची पत्रिका दाखवायची असेल, तर मी आड येणार नाही. आमच्या आत्याही दाखवतात आणि त्यांना बरं वाटतं. पण दुसऱ्याची पत्रिका मागून त्यावरून त्याच्या आयुष्याचा निकाल लावणं ही वेगळी गोष्ट आहे. तो भविष्य जाणून घ्यायचा मामला उरत नाही, तो सत्तेचा मामला होतो. रोमच्या सम्राटांना हे पक्कं कळत होतं, म्हणून स्वतःच्या बाबतीत तसं होऊ नये याची त्यांनी तलवारीने काळजी घेतली. स्थळं बघणाऱ्या घरांतल्या मुलींकडे तलवार नाही. त्यांच्यासाठी निदान घरातल्या मोठ्यांनी मावशींचा तो एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

असो. लिहिता लिहिता फारच लांबलं. तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा, भांडायचं असेल तर भांडा. फक्त प्रतिक्रियेत माझी जन्मवेळ विचारू नका. :)